यंदाचं वर्ष ब्रॅकनशॉचं

११ जानेवारी, रविवार
नवी वही. यंदाच्या सीझनचे संकल्प लिहून ठेवते. रेफरीवर ओरडायचं नाही, निदान नाव घेऊन तरी नाही. स्टेडियममधला मीट पाय, म्हणजे ती मांस भरलेली कचोरी, खायची नाही, त्यात मीट असल्याचा पुरावा अजून मिळालेला नाही. शेजारच्या बेरिलशी वाद घालायचा नाही. आणि भावनेच्या आहारी जायचं नाही. हा शेवटचा संकल्प खरं तर नुसता नोंदीपुरता. मी उभा जन्म भूगोल शिकवण्यात घालवला. भावनेच्या आहारी जाणारी माणसं भूगोल शिकवत नाहीत.

गेल्या वर्षी आपली ब्रॅकनशॉची टीम तळाला होती. पण हा आकडा फसवा आहे. पावसाने बुडालेल्या शर्यती, आपल्या पोलिश स्वाराचं, तोमेकचं मोडलेलं गळ्याजवळचं हाड आणि स्केलबीच्या मैदानावरचा तो रेफरी, एवढी तीन कारणं वगळली तर आपण तिसरे. सिरिलला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "बाई, ही तीन कारणं वगळली तर माझी सासूसुद्धा तिसरी आली असती."

सिरिल माणूस चांगला आहे. दुसऱ्या वळणाच्या कठड्यापाशी इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहतो, थर्मास तोच आणतो. पण आयुष्यभर बस चालवल्यामुळे त्याची नजर पुढच्या थांब्यापलीकडे जात नाही.

१४ जानेवारी, बुधवार
चर्चमध्ये नवे पाद्री आले आहेत, तरुण, दक्षिणेकडचे. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "मिस प्रॉक्टर, ब्रेक नसलेल्या मोटरसायकलवर चार माणसं लाल मातीत डावीकडे डावीकडे चार फेऱ्या मारतात, हेच ना ते स्पीडवे?" मी म्हटलं, "हो. आणि ब्रेक नाहीत म्हणूनच चारही जण भानावर असतात." त्यांनी बिस्किट पुढे केलं. विषय संपला. माणूस समजूतदार वाटतो, पुढच्या महिन्यापर्यंत मैदानावर आणीन.

संध्याकाळभर सरासऱ्या मांडल्या. आमचा हिवाळा त्याच्यावरच जातो. प्रत्येक स्वाराची गेल्या वर्षीची पॉइंटांची सरासरी घ्यायची, टीममधल्या सातही जणांची बेरीज लीगने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत बसवायची. म्हणजे सगळेच वाघ एका पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत. आपला स्वार चांगला चालावा, पण पुढच्या वर्षी महाग पडेल इतका चांगला चालू नये, अशी प्रार्थना करावी लागते. इथेच तोमेकचं हाड कामाला आलं. ऑगस्टमध्ये ते मोडलं, तरी तो पट्टी बांधून शेवटच्या चार शर्यती चालला आणि चारही वेळा मागे राहिला. सरासरी धाडकन खाली. आता तो आपल्या मर्यादेत अलगद बसतो. त्या वेळी मी त्याला कार्ड पाठवलं होतं: "घाई करू नकोस, सीझन संपेपर्यंत सावकाश बरा हो." त्याला ते फार आवडलं असणार. उत्तर आलं नाही, पण पोलंडची टपालव्यवस्था मला माहीत नाही.

२४ जानेवारी, शनिवार
क्लाइव्ह डनॉकच्या टायरच्या दुकानात गेले. टीम चालवतो क्लाइव्ह, पण एके काळी तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि नाईल नदी दक्षिणेकडे वाहवायचा. त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवणं मला भाग आहे.

दुकानात एक व्हॅन उभी होती आणि व्हॅनखालून दोन बूट बाहेर आले होते. मी म्हटलं, "क्लाइव्ह आहे का?" बुटांकडून आवाज आला, "क्लाइव्ह बाहेर गेलाय." मी म्हटलं, "क्लाइव्ह डनॉक, बाहेर ये." तो आला. कामाचा किती बोजा आहे त्याच्यावर, माणसाला दोन मिनिटं व्हॅनखाली पडून विश्रांती घ्यावी लागते.

मी तयार केलेली टीम त्याच्या हातात दिली. तोमेकच्या नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या. तो म्हणाला, "हो बाई." मी म्हटलं, तोमेक हवाच. तो म्हणाला, "हो बाई." मग जरा घुटमळून म्हणाला, "बाई, टीमचं राहू द्या. मैदानच राहतंय की नाही ते बघायचंय. मालकाला तिथे गोदाम बांधायचंय." मी म्हटलं, असल्या अफवा दर हिवाळ्यात उठतात. तो म्हणाला, "या अफवेने मला वकिलाची नोटीस पाठवलीय."

क्लाइव्ह लहानपणापासूनच घाबरट.

८ फेब्रुवारी, रविवार
सपोर्टर्स क्लबचा श्रमदानाचा दिवस. सेक्रेटरी म्हणून सगळ्यांना निरोप मीच दिले होते. चौघे आले. त्यातला एक रस्ता चुकला होता. उरलेल्यांनी कुंपणाच्या फळ्या रंगवल्या. चौथ्या वळणापर्यंत लाल रंग संपला म्हणून सिरिलने उरलेल्या डब्यात पांढरा ओतला. चौथं वळण गुलाबी झालं आहे. वेग आला की ते कोणाला दिसणार नाही.

बेरिल कुत्र्याला फिरवायला मुद्दाम तिकडून गेली. बेरिल स्केलबीची. म्हणजे तिचा नवरा स्केलबीचा होता. नवरा गेला, टीम राहिली. कुंपणापलीकडून ओरडली, "अगं एनिड, सूतिकागृह काढताय का?" मी उत्तर दिलं नाही. संकल्प. पण घरी येताना तिच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं ते तिला सांगितलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
पबमध्ये टीम जाहीर झाली. सहा स्वारांची नावं ऐकून टाळ्या वाजल्या, म्हणजे मी वाजवल्या. कॅप्टन डॅरिल ऑस्ट्रेलियाचा, या मे महिन्यात चव्वेचाळीसचा होईल. सिरिल म्हणाला, "अनुभवी आहे. आपल्या मैदानावर इतक्या वेळा पडलाय की कुठली माती मऊ ते त्याला ठाऊक." बाकीची पोरं नवी.

मग क्लाइव्हने फोनवर फोटो दाखवला. तोमेक! ब्रॅकनशॉचं निळं जॅकेट हातात धरून, हसत. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. पबमध्ये हल्ली साफसफाई होत नाही.

सिरिलला म्हटलं, आता बोला. त्याने बिअरचा ग्लास बाजूला सरकवला. म्हणाला, "बाई, मला फक्त एवढंच हवंय की मार्च ते ऑक्टोबर दर गुरुवारी जायला एक जागा असावी. हरू दे की." मी त्याला सांगितलं की अशा वृत्तीनेच इंग्लंडने कारखाने घालवले.

१ मार्च, रविवार
मालकाने अट घातली आहे. क्लाइव्हने आम्हा सगळ्यांना स्टेडियमवर बोलावून सांगितली. गुड फ्रायडेला स्केलबीशी सामना आहे, वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी त्या दिवशी. तो एक दिवस मालक स्वतः येऊन बघणार. शर्यती झाल्या आणि गेटवर माणसं दिसली तर ऑक्टोबरपर्यंत मैदान आमचं. नाही झाल्या, तर सोमवारी गेटला कुलूप. "पावसाने बुडाल्या तर?" कोणीतरी विचारलं. क्लाइव्ह म्हणाला, "तर बुडाल्या. दुसरी तारीख नाही. माझं पाया पडून झालंय."

सगळे माना खाली घालून घरी गेले. मी मात्र खूश आहे. परीक्षेची तारीख कळली की अर्धा अभ्यास झाला.

९ मार्च, सोमवार
दिवसभर विचार केला. लोक स्टेडियमवर का येत नाहीत? सगळे म्हणतात, आपण हरतो म्हणून. साफ चूक. हरणाऱ्या टीमला माणसं जन्मभर सोडत नाहीत. मीच बघा. लोक येत नाहीत ते धुळीमुळे. गेल्या जुलैत दुसऱ्या वळणावरून घरी गेले तेव्हा मांजराने मला ओळखलं नाही. केसांत लाल, कानांत लाल, थर्मासच्या चहात लाल. कोण बाई पुन्हा येईल?

म्हणजे गुड फ्रायडेला धूळ उडाली नाही की मालक जिंकला, गर्दी जिंकली, सीझन जिंकला. इतकी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात कशी आली नाही?

१५ मार्च, रविवार
सरावाचा दिवस. कोरडं ऊन, पूर्वेचा वारा. तोमेक आला नाही, त्याचा पोलंडमध्ये सामना होता. डॅरिल झकास चालला, एकदाच पडला, तेही गाडी थांबल्यावर. स्थानिक पेपरचा वार्ताहर दुसऱ्या वळणावर फोटो काढायला उभा होता. पाच मिनिटांत खोकत खोकत गाडीत जाऊन बसला. गेटवर मला म्हणाला, "मॅडम, फोटोत नुसता लाल ढग आलाय." मी क्लाइव्हला बोलावून तो ढग दाखवला. म्हटलं, पाणी. क्लाइव्ह म्हणाला, "हो बाई."

तो 'हो' मी नोंदवून ठेवते आहे.

२६ मार्च, गुरुवार
तिकिटं खपताहेत! स्केलबीहून दोन बस भरून येणार आहेत. बेरिलने स्वतः येऊन सांगितलं, चेहऱ्यावर दया. "एनिड, गोदाम होणार म्हणतात. शेवटचं बघून घ्यावं म्हणून सगळे येताहेत. मयताला जातात तसं." मी म्हटलं, का येताहेत ते महत्त्वाचं नाही, येताहेत हे महत्त्वाचं. ती म्हणाली, "तू शाळेतही अशीच होतीस का गं? मुलं नापास झाली की पेपर छान सुटला म्हणायचीस?"

केक दिला नाही तिला. केलेला होता.

१ एप्रिल, बुधवार
टीव्हीवरची हवामानवाली पोरगी म्हणाली, शुक्रवारी पहाटे पाऊस. तिच्या मागे नकाशावर जे काही हलत होतं त्याला मी ढग म्हणणार नाही. मी स्वतः टेकडीवर जाऊन पाहिलं. वारा पूर्वेचा, आकाश उंच, मेंढ्या वरच्या बाजूला चरत होत्या. शुक्रवारी दुपारी लख्ख ऊन पडणार. लिहून ठेवते: लख्ख ऊन.

स्टेडियमवर मात्र त्या पोरीवर सगळ्यांचा विश्वास. क्लाइव्हने दिवसभर रोलर फिरवून माती दाबून टाकली आहे, टेबलासारखी. वरचा पाऊस घसरून जावा म्हणून म्हणे. मैदानाचा ट्रॅक्टर सिरिलच चालवतो, त्याला माझ्यासमोर बजावलं, "पाण्याची टाकी ट्रॅक्टरला जोडायची नाही. एक थेंबही नको."

मी मातीवर बूट घासून पाहिला. कोरडी ठणठणीत. लख्ख उन्हात हिच्यावर साठ शर्यतींची चाकं फिरली की मालकाच्या कोटाचं काय होईल, हा विचार करणारं त्या स्टेडियमवर मी सोडून कोणी नाही. (साठ शर्यती नव्हेत, शर्यती पंधरा, स्वार चार. साठ स्वार. चाकं त्याच्या दुप्पट. म्हणजे आणखीनच.)

२ एप्रिल, गुरुवार
क्लाइव्ह दुपारी तोमेकला आणायला विमानतळावर गेला. जाताना गेटची किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाला, "बाई, मीट पायवाला चार वाजता येईल, पेट्या आत घ्या. बाकी कशालाही हात लावू नका." एवढ्या मोठ्या दिवसाच्या आदल्या दिवशी त्याने मैदान माझ्यावर सोपवलं. विद्यार्थी विसरत नाहीत.

पायवाला येऊन गेला. आकाश उंच. वारा पूर्वेचा. मी सिरिलला म्हटलं, टाकी जोडा.

सिरिल म्हणाला, "बाई, क्लाइव्ह नको म्हणालाय."
मी म्हटलं, "क्लाइव्ह मला १५ मार्चला हो म्हणालाय."
"क्लाइव्ह तुम्हाला सगळ्यालाच हो म्हणतो."
"मग प्रश्नच मिटला."
"आणि पाऊस आला तर?"
"सिरिल, भूगोल कोणी शिकवला? तुम्ही की मी?"
तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. म्हणाला, "तुम्ही, बाई. पण मी बस चालवलीय. ओल्या रस्त्यावर."

शेवटी जोडली. दोन फेऱ्या मारल्या. माती पाणी अशी पीत होती की बघत राहावं. तिसरी फेरी नको म्हणत होता, मी म्हटलं, निदान दुसऱ्या वळणावर तरी. मालकाची खुर्ची तिथेच मांडली आहे. टाकी तिथे रिकामी केली.

तोमेकचं विमान उशिरा आलं, क्लाइव्ह परत येईपर्यंत अंधार. मैदान बघायला गेला नाही, बरं झालं. उद्या त्याला एकदम कळेल.

३ एप्रिल, गुड फ्रायडे. सकाळ
खिडकीबाहेर ओलं दिसतंय. दव आहे.

जरा वेळाने
दव जरा जोरात पडतंय.

दहा वाजता
थांबलं. म्हटलं नव्हतं?

रात्री
सविस्तर लिहायला हवं. माझ्याशिवाय कोणी नीट लिहिणार नाही.

बारा वाजता गेले तेव्हा रस्त्यापर्यंत रांग. एवढी माणसं मी या स्टेडियमवर कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. बापांच्या खांद्यांवर पोरं, भोंगे, निळे मफलर. पाद्रीसुद्धा होते, कानात कापूस घालून. मालक काळा कोट घालून गेटपाशी उभा होता आणि माणसं मोजत होता. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला गर्दी आवडली होती. हे मी शपथेवर सांगेन. सिरिल माझा दंड धरून म्हणाला, "बाई, झालं की हो! झालं!" मी त्याला दंड सोडायला सांगितला. मग सोडू नका म्हटलं.

आत रेफरी मैदान बघत फिरत होता. सरळ भाग चालला, पाय आपटून पाहिला, मान हलवली. पहिलं वळण, मान हलवली. दुसऱ्या वळणावर गेला आणि थांबला. पुढे पाऊल टाकायला गेला तर पाऊल आलं, बूट राहिला. स्केलबीच्या बाजूने टाळ्या पडल्या. एका पायावर उभा राहून तो क्लाइव्हची वाट बघू लागला.

नंतरची धावपळ बघवत नव्हती. लाकडाचा भुसा आणून टाकला, तो तरंगला. सिरिल ट्रॅक्टर घेऊन माती ओढायला गेला, ट्रॅक्टरचं मागचं चाक निम्मं आत. तो काढायला डॅरिल आणि स्केलबीचे दोन स्वार चामड्याचे कपडे घालून चिखलात उतरले. डॅरिल पडला. तोमेक अवजारांच्या पेटीवर बसून मीट पाय खात होता.

क्लाइव्ह गुडघ्यांवर बसला, हाताने माती उकरली. आतून काळपट लाल, लगदा. वर बघून म्हणाला, "ही पावसाची ओल नाही. सकाळची भुरभुर वरच्या वर गेली असती. हे खालपर्यंत भिजलंय. पाणी कोणी मारलं?" तो उठला, टाकीवर बुक्की मारली. घंटेसारखी वाजली. "काल भरलेली होती ही. कोणी मारलं पाणी?"

तोमेक म्हणाला, "पोलंडमध्येही पाऊस पडतो. पण आम्ही त्यात भर घालत नाही."

मी बोलणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात लाउडस्पीकर सुरू झाला, आणि लाउडस्पीकरवर आवाज चढवणं मला शोभत नाही. तो थांबेपर्यंत सिरिल पुढे झाला होता. टोपी हातात. म्हणाला, "मी."

क्लाइव्हने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा चष्मा पुसत होते.

दीड वाजता सामना रद्द झाल्याचं जाहीर झालं. माणसं पैसे परत घ्यायला उलट्या रांगेत लागली. मालकाने क्लाइव्हशी हात मिळवला, सभ्यपणे, आणि गाडीत बसला. त्याच्या कोटावर धुळीचा कणही नव्हता.

तीन वाजता लख्ख ऊन पडलं. अंदाज तंतोतंत खरा ठरला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

६ एप्रिल, सोमवार
गेटला कुलूप. जाऊन पाहिलं. कुलूप हलक्या प्रतीचं आहे, म्हणजे मालकाचा विचार पक्का दिसत नाही.

एकंदर घटनेची कारणं: रेफरी वजनाने जड. बूट चुकीचे. सिरिलने टाकीचा नळ एका जागी फार वेळ सोडला. मी रिकामी करा म्हटलं होतं, पण रिकामी करायच्याही पद्धती असतात.

९ एप्रिल, गुरुवार
सिरिलचा फोन नाही. त्याचं मन त्याला खात असणार. पबमध्ये त्याच्याशी कोणी बोलत नाही म्हणे. आत आला की डार्ट्सचा खेळ थांबतो. एकाने त्याच्या ग्लासशेजारी पाण्याचा जग आणून ठेवला. पोरकटपणा आहे. लोकांना हे शोभत नाही असं मी पबमध्ये जाऊन ठणकावून सांगणार होते, पण आज पाय दुखत होता.

मी मात्र त्याला क्षमा करायला तयार आहे. त्याने फोन केला की लगेच सांगीन.

१३ एप्रिल, सोमवार
पुढच्या वर्षीच्या योजना घेऊन क्लाइव्हकडे गेले. व्हॅनखाली नव्हता. स्टुलावर बसला होता. दारावर 'विकणे आहे' असं लिहिलेलं होतं, दुकानावर की व्हॅनवर ते विचारलं नाही.

चहा केला त्याने माझ्यासाठी. साखर बरोबर घातली. म्हणाला, "तोमेक स्केलबीकडे गेला. त्यांचा एक जण जखमी झाला, हा त्यांच्या मर्यादेत अलगद बसला. सरासरी कमी आहे ना त्याची." मी म्हटलं, ते गणित मीच मांडलं होतं. तो म्हणाला, "हो बाई."

त्याने किटली परत जागेवर ठेवली. मग म्हणाला, "बाई, सिरिलने इतक्या वर्षांत कोणी सांगितल्याशिवाय त्या स्टेडियममधली खुर्चीसुद्धा हलवलेली नाही."

मी म्हटलं, अलीकडे सिरिलमध्ये पुढाकार घेण्याची वृत्ती दिसू लागली होती.

क्लाइव्हने कप खाली ठेवला. "बाई, तुम्ही एकदा पबमध्ये जाऊन नुसतं सांगितलंत ना, तर पुरे. मला काही नको. माझं झालं ते झालं. त्याचं तेवढं करा."

मी म्हटलं, बघते. योजनांचे कागद त्याच्या टेबलावर ठेवले. परत येताना लक्षात आलं, योजनांवर त्याने 'हो बाई' म्हटलं नाही. त्याचं मन थाऱ्यावर नाही, दुसरं काय.

१६ एप्रिल, गुरुवार
पबपर्यंत गेले. आत गर्दी होती. गर्दीत नीट बोलता येत नाही. गर्दी नसेल तेव्हा जाऊन उपयोग नाही, कारण मग ऐकायला कोणी नसतं. यावर विचार करायला हवा.

१९ एप्रिल, रविवार
पाद्रींनी विचारलं, "मिस प्रॉक्टर, आता पुढचा सामना कधी?" मी म्हटलं, यंदा विश्रांती घेतोय. ते म्हणाले, त्या दिवशी त्यांना फार मजा आली. त्यांना वाटलं, ट्रॅक्टर अडकतो तोच सामना.

२४ एप्रिल, शुक्रवार
बेरिल आली. तिला आज केक दिला. हल्ली मी कोणाच्याही बाबतीत कडवट राहत नाही.

स्केलबीत काल पहिला सामना झाला. तोमेकने चौदा पॉइंट काढले. बेरिल थोडा वेळ चमच्याशी चाळा करत होती. मग म्हणाली, "सिरिल आला होता आमच्या बसमधून. मीच म्हटलं चल. एकटा बसून करणार काय घरी? पहिल्यांदा कोपऱ्यात उभा होता. मग आमच्या लोकांनी त्याला पुढे बोलावलं. आमच्याकडे त्याच्यावर कोणाचा राग नाही गं. उलट त्याच्यामुळे तोमेक मिळाला म्हणून त्याला बिअर पाजली." मी विचारलं, हसत होता का? ती म्हणाली, "शेवटच्या शर्यतीला हसला. थर्मास आणला होता. मला चहा दिला त्याने."

मी म्हटलं, तो चहा फार कडक करतो.

ती म्हणाली, "एनिड, बसमध्ये एक जागा आहे. येतेस का पुढच्या गुरुवारी?" मी म्हटलं, एका जन्मात दोन टीम करता येत नाहीत. ती म्हणाली, "मग सिरिलला काय निरोप देऊ?" मी म्हटलं, सांग की माझ्या मनात त्याच्याविषयी काही नाही. मग तिने केक तसाच ठेवला आणि कुत्र्याला बोलावून गेली. तिच्या मनात काय आलं कोण जाणे. केक चांगला झाला होता.

३० एप्रिल, गुरुवार
साडेसहाला तयार झाले. मग परत कपडे बदलले.

बेरिलची बस खिडकीसमोरून गेली. डाव्या बाजूला तिसऱ्या खिडकीत सिरिल होता. मी हात वर केला. त्याने इकडे पाहिलं नाही, किंवा काचेवर ऊन असावं.

सातला जेवले. आठला टीव्ही बंद केला.

गुरुवारी संध्याकाळी लोक काय करतात, हे कोणाला तरी विचारायला हवं. कोणाला, ते ठरलं की विचारीन.